कमानीच्या माथ्यावरचा दगड

माझी नजर ससाण्याची, बुद्धी वस्ताऱ्याची आणि स्वभाव अत्यंत नम्र आहे. गुप्तहेर म्हणून माझं नाव कुणी ऐकलेलं नाही, हाच माझ्या गुप्ततेचा पुरावा. म्हणून दगड चोरीला गेल्याचा ताईचा फोन येताच मी भिंग घेऊन तिच्या घरी हजर झालो.

भाऊजी दातांचे डॉक्टर. खाऱ्या पाण्यातल्या माशांची नवी टाकी मांडायची म्हणून त्यांनी कोरडे, सच्छिद्र दगड आणले होते. रुग्णांच्या दाढांनाही लाभत नाही इतक्या मायेने त्यांनी ते बाथरूममध्ये ब्रशने घासले, भिजवले, वाळवले. आता कमान रचायची, तर माथ्यावरचा चपटा दगडच गायब!

"आज टाकी उभी राहिली नाही, तर त्या टेबलावर माझं शिलाई मशीन येणार," ताईने बजावलं. भाऊजींचा चेहरा पडला.

"दगड पाण्यात विरघळला," मी निदान केलं.

"मग बाकीचे कसे राहिले?"

"साक्षीदार म्हणून."

भाऊजींनी कपाळावर हात मारला. मग मी शेजाऱ्यांच्या मांजराची उलटतपासणी घेतली. त्याने मला बोचकारलं. निर्दोष प्राणी इतका चिडत नाही.

तेवढ्यात आई चहा घेऊन आली. ती हल्ली ताईकडेच असते. टाचांच्या भेगांमुळे घरातही चपला घालून, भिंत धरून चालणारी आई आज अनवाणी तरातरा आली. पुराव्यांवर पाय पडतील म्हणून मी तिला बाजूला केलं.

ताई मात्र तिच्या पायांकडे बघत राहिली. "आई, टाचा कशाने घासल्यास?"

"वजरीने! बाथरूमच्या खिडकीत होती. याला सांगून सांगून माझी जीभ झिजली, आणि जावईबापूंनी न सांगता आणली. किती वर्षांनी दुखल्याशिवाय चालतेय! शेजारणीलाही दाखवून आले."

तिने कौतुकाने वजरी आणून दाखवली. दगडाच्या छिद्राछिद्रांत साबण मुरला होता. टाकीच्या कामाचा तो आता उरला नव्हता.

भाऊजींनी टेबलावरच्या बिनमाथ्याच्या दोन खांबांकडे पाहिलं, मग आईकडे.

"बरी आहे ना, आई? मुद्दाम खडबडीत बघून आणली."

खोटं बोलताना माणसाचा आवाज कापतो, असं माझं शास्त्र सांगतं. भाऊजींचा जरासुद्धा कापला नाही.

ताईने डोळे पुसले आणि पदर खोचला.

"मशीन राहू दे," ती म्हणाली. "अहो, कमानीशिवायच भरू टाकी. मीठ मी कालवते."