नवरा-बायकोची चाळणी

सूनबाईंनी लॅपटॉप फटकन मिटला, तेव्हा चिरंजीव नुसते पाणी प्यायला आत आले होते. तिने लॅपटॉप मिटला म्हणून त्यांनी हातातला मोबाइल पालथा धरला आणि पाणी न पिताच निघून गेले. ओट्याशी उभ्या असलेल्या आईंनी हे सगळं पाहिलं आणि त्यांच्या मनात पाल चुकचुकली.

आता यात पाल चुकचुकण्यासारखं खरं तर काही नव्हतं. दोघंही फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला, लग्न नवं, आणि घरात जे चाललं होतं त्याला कारणीभूत होते त्यांचे सर. मुलं त्यांना शंकासुर म्हणत. या गृहस्थांचा छापलेल्या अक्षरावर विश्वास नव्हता आणि छापणाऱ्यावर तर मुळीच नव्हता. पित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या तर हाडं ठिसूळ होतात का, यावर निघालेले सगळे शोधनिबंध गोळा करून चाळायचे, असं काम त्यांनी दिलं होतं. चाळायची रीत अशी, की एकेका निबंधाचा सारांश दोघांनी वाचायचा, पण वेगवेगळा. घ्यायचा की गाळायचा हे आपापलं ठरवून यादीत मांडायचं आणि शेवटपर्यंत एकमेकांना कळू द्यायचं नाही. चिठ्ठ्या टाकून जोड्या पाडल्या आणि नेमके नवरा-बायकोच एकमेकांच्या वाट्याला आले.

"एका घरात राहता," सरांनी दोघांना न्याहाळत बजावलं. "नक्कल सापडली तर दोघंही नापास. आणि मतभेद निघाले तर ज्याचं चुकलं, तो सुट्टीत बसून सगळं पहिल्यापासून करील."

ही सुट्टी म्हणजे दोघांचा जीव की प्राण. लग्नानंतर परीक्षेपायी राहून गेलेला प्रवास त्या सुट्टीत करायचा ठरला होता. म्हणून दोघांनी सरांचा नियम जरा जास्तच मनावर घेतला. एकाने खोली धरली की दुसऱ्याने गच्ची धरायची, जेवताना हवापाण्याबद्दलच बोलायचं. आईंना कुणी काही सांगितलं नाही, कारण विषय काढायचीच बंदी. त्यात एक दिवस सूनबाई लॅपटॉपकडे बघत स्वतःशी पुटपुटल्या, की याच्यात काही दम नाही, पण टाकवतही नाही. आईंनी ते लेकाबद्दलच धरलं.

संध्याकाळी त्यांनी लेकाला गाठलं. "ती काहीतरी लपवतेय. बघ एकदा तिच्या लॅपटॉपमध्ये." चिरंजीवांनी सरांचा नियम समजावून सांगितला. तो आईंना अजिबात पटला नाही. अभ्यास कधी कुणी नवऱ्यापासून लपवतं का? मग आपण एकाच बाजूने बोललो असं व्हायला नको, म्हणून त्या सुनेकडे गेल्या आणि लेकाबद्दल तेच सांगून आल्या. बाई मोठ्या न्यायी होत्या.

आता आईच सांगतेय म्हटल्यावर बघायला काय हरकत आहे? सूनबाई वाळलेले कपडे काढायला गेल्या तेवढ्यात चिरंजीवांनी त्यांच्या यादीचा मोबाइलवर फोटो काढला. चिरंजीव अंघोळीला गेल्यावर सूनबाईंनी त्यांच्या यादीचा काढला. आईंना वाटत होतं तसलं काही कुठे सापडलं नाही, पण दोघांनाही भलतंच दिसलं. बहुतेक निबंधांवर मत जुळत होतं आणि चार-पाचांवर मात्र एकदम उलटं होतं. चिरंजीवांना वाटलं, ही ओळन् ओळ वाचणारी, हिचंच बरोबर असणार. सूनबाईंना वाटलं, हा वर्गात पहिला येणारा, आपण कुठे याच्यापुढे. प्रत्येकाने गुपचूप आपली यादी समोरच्यासारखी करून टाकली. नवरा-बायकोचं जुळलं तर त्यात संशय घेण्यासारखं काय, अशी मनाची समजूतही घातली.

सरांनी दोन्ही याद्या टेबलावर शेजारी-शेजारी ठेवल्या आणि चोर पकडायला बसावं तसे बसले. बोट खाली सरकत गेलं, थांबलं, पुन्हा थांबलं. मग त्यांनी चष्मा काढला.

"मी तुमच्यावर उगाच संशय घेतला," सर म्हणाले. "इतके ठाम मतभेद काही नक्कल करून येत नाहीत."

चिरंजीव यादीकडे बघतच राहिले. जिथे मुद्दाम जुळवून घेतलं होतं, नेमकं तिथेच उलटं. बायकोकडे बघितलं तर तिचाही चेहरा पांढराफटक. दोघांच्याही डोक्यात एकदमच प्रकाश पडला, पण बोलायची सोय नव्हती. बोललं तर दोघंही नापास.

वादाचा पहिला निबंध म्हाताऱ्या बायकांवरचा होता. त्या "बराच काळ" गोळ्या घेत होत्या, पण बराच म्हणजे किती, हे सारांशात नव्हतं. हा का गाळला, असं सरांनी चिरंजीवांना विचारलं. त्यांनी खरं तर तो घेतला होता. आता बायकोने का गाळला असेल याचा अंदाज बांधत ते म्हणाले, की काळ नीट दिलेला नाही. सूनबाईंना आपलंच म्हणणं ऐकून हसावं की रडावं कळेना.

"आणि तुम्ही का घेतला?"

"नुसती शंका आली म्हणून गाळू नये, सर," सूनबाई म्हणाल्या. "पूर्ण निबंध मागवावा, वाचावा आणि मग ठरवावं."

चिरंजीवांची मान आपोआप डोलायला लागली, ती त्यांनी कशीबशी आवरली. सर मात्र खूश झाले. शंका घ्यायची ती अशी, म्हणाले. बाकीच्या निबंधांचाही तसाच निकाल लागला.

घरी आल्यावर आईंनी काय झालं विचारलं. चिरंजीव खुर्चीत बसकण मारत म्हणाले, "माझंच बरोबर निघालं."

"मग तोंड का पाडलंयस?"

"हरलोय ना मी."

आईंनी सुनेकडे बघितलं. सूनबाई कॅलेंडरवर सुट्टीभोवती केलेली खूण खोडत होत्या. चिरंजीवांना पुन्हा पहिल्या निबंधापासून बसायचं होतं, आणि ते नक्कल करत नाहीत ना यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायला सरांनी आपल्या विश्वासातलं एकच माणूस नेमलं होतं. ते म्हणजे सूनबाई.