मुन्शीजींचा संशय

आसपास कुणी हसलं की रहीमुद्दीन मुन्शी आधी दाढीवरून हात फिरवायचे. काही अडकलेलं नाही अशी खात्री झाली की हसणाऱ्याला गाठून विचारायचे, "मेरे बारे में बोल रैं ना?"

निजामाच्या अमदानीत बीडच्या शाळेत ते फार्सी शिकवायचे आणि मी मराठी. मूळचे हैदराबादचे, बीडात एकटेच राहायचे. पाणी स्वतः आणायचे, बसायचे भिंतीला पाठ लावून. अशा माणसासमोर मी कल्पना मांडली की पोरांनी फार्सी बैतांचं, म्हणजे दोन ओळींच्या शेरांचं, मराठी करावं. शब्दाला शब्द नको, घरी बोलतात तसं.

"कायको?" मुन्शीजी म्हणाले.

पोरांना मात्र चेव आला. बुलबुलाची साळुंकी झाली, सरूच्या उंच झाडाची बाभूळ झाली. मुन्शीजीही उंच, वाळलेले. "ये बाभूळ कौन? मैं?" मी शपथ घेऊन सांगितलं, झाडच आहे. त्यांनी दुसऱ्या मास्तरांनाही विचारून घेतलं.

मग एका बैतात परमुलखातला मुशाफीर आला. धर्मापुरीहून आलेल्या भानुदास नावाच्या पोरानं लिहिलं, 'दिवेलागण झाली, जो तो आपल्या चुलीशी गेला. मला मातुर कुणी जेवलास का म्हणंना.'

मी अर्थ सांगितला तसा मुन्शीजींचा चेहरा उतरला. वही घेऊन ते थेट हेडमास्तरांकडं गेले. "लडका मेरे घर में झाँकता है. नाम काट दो इसका!"

हेडमास्तर कडक माणूस. त्यांनी हजेरीपट पुढं ओढला. भानुदासला समोर बोलावलं.

"मुन्शीजीच्या घराकडं मी कदी गेलोच न्हाई," तो म्हणाला. "ह्यो माझा बाप हाय. हैदराबादला हमाली करतो. सणालाबी येत न्हाई. त्यो काय म्हणत आसल, ते लिवलं."

मी ते मुन्शीजींना सांगितलं. त्यांनी वही मिटून भानुदासच्या हातात दिली. मग हेडमास्तरांना म्हणाले, "माफ करना साहब. गलती मेरी है."

बाहेर ओट्यावर त्यांनी भानुदासला विचारलं, "बाप किधर रहता?"

पोरानं मोहल्ल्याचं नाव सांगितलं. मुन्शीजी चमकले. मोडक्या मराठीत म्हणाले, "आमचा घर पण तिथंच होता. आता कोणी न्हाई."

"मग दिवाळीच्या सुट्टीत चला की माझ्यासंगं. बाप हाय तिथं. भाकरी करतो चांगली."

मुन्शीजींनी डोळे बारीक केले. "कायको बुलाता तू मेरेको?"

"असंच," भानुदास म्हणाला.

या 'असंच'चा अर्थ त्यांनी मलाही विचारला. मी सांगितला. तो त्यांना पटला असं दिसलं नाही.

सुट्टी लागली त्या सकाळी दोघं जालन्याच्या स्टेशनाकडं जाणाऱ्या छकड्यात बसले. मुन्शीजींनी आपलं गाठोडं छातीशी घट्ट धरलं होतं. छकडा वेशीतून बाहेर वळला, तेव्हा ते गाठोडं भानुदासच्या मांडीवर होतं, आणि मुन्शीजी त्याला काहीतरी सांगत होते.