मध्यम पल्ल्याची पंगत

डोंबिवलीकरांना काय जमत नाही, ते मला एकदा कोणीतरी समोर येऊन सांगावं! पाठीमागे बोलणारे खूप आहेत. समोर या म्हणावं. मी वासंती, मुलींच्या शाळेत पीटी शिकवते, आणि माझ्या शिट्टीला अख्खी शाळा टरकते.

ब्याण्णव साली ठाण्याला जिल्ह्यातल्या क्रीडा मंडळांची बैठक होती. विषय एकच. जिल्ह्याची पहिली मध्यम पल्ल्याची ट्रायथलॉन कोणी भरवायची? ट्रायथलॉन म्हणजे आधी पोहायचं, मग सायकल मारायची, मग धावायचं, आणि मध्ये कुठे टेकायचं नाही. लांब पल्ल्याची असेल तर माणूस मरतो म्हणतात. मध्यम पल्ल्यात मरत नाही, फक्त घरचे त्याला पटकन ओळखत नाहीत.

ठाण्याच्या मंडळाचे अध्यक्ष चांगदेवराव उठले. सफारी सूट, बोटात तीन अंगठ्या. म्हणाले, "डोंबिवली नाटकाला बरी. खेळाचं आमच्यावर सोडा. तुम्ही आपलं हळदीकुंकू करा, वासंतीबाई!"

झालं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"हळदीकुंकू तर करतेच," मी म्हटलं, "पण ट्रायथलॉनसुद्धा डोंबिवलीतच होणार! बघायला या, खुर्ची ठेवते!"

जिल्हा संघटनेचे निरीक्षक देवराम साळवे सर. निवृत्त फौजी, गळ्यात कायम स्टॉपवॉच. हसताना त्यांना कोणी पाहिलेलं नाही. ते म्हणाले, "ठीक आहे. पण अट ऐका. सूर्य मावळायच्या आत निदान एका स्पर्धकाने तिन्ही टप्पे पुरे केले पाहिजेत. नाही झालं, तर ही स्पर्धा कायमची ठाण्याला जाईल."

"निदान एक? अहो सर, रांग लागेल रांग!"

असा शब्द मी हवेतच देऊन आले.

घरी आल्यावर आमच्या ह्यांना सांगितलं. आमचे हे, म्हणजे हरिहर, मानपाड्याच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत स्टोअर सांभाळतात. रोज सायकलने जातात, सायकलनेच येतात. वाटेत बैलगाडी लागली तर बैलगाडी पुढे जाते. पण पोचतात हो, पोचत नाहीत असं कधी झालं नाही.

"अगं, पण पोहायचं कुठे?" त्यांनी विचारलं.

"खाडीत!"

"होड्या लागतील. कोणी बुडालं तर?"

"लागतील ना! कोळीवाड्यात जाते उद्या."

आणि इथे मी माझं डोकं चालवलं. दुसरा कोणी असता तर हात हलवत गेला असता आणि होड्या भाड्याने मागितल्या असत्या. मी तशी नाही. गावात जायचं तर रीतीने जायचं! नारळ घेतला, विडा-सुपारी घेतली, आणि थेट गावदेवीपुढे ठेवली. गावच्या चार जाणत्या बायांना हळदकुंकू लावलं. सगळ्यांच्या वरचढ आवडाबाई. होड्या तिच्या नवऱ्याच्या, दामाजीच्या, पण दामाजी स्वतः आवडाबाईचा.

"काय काम काढलंस, बाय?" आवडाबाईने विचारलं.

"पुढच्या रविवारी पाहुणे येतील. पलीकडून पोहत येतील, तुमच्या धक्क्यावर चढतील आणि सायकली घेऊन पुढे जातील. तुमच्या होड्या सोबतीला हव्यात."

"पोहत येतीन? येवढ्या लांबशी?"

"हो ना. दमलेले असतील बिचारे. त्यांच्या तोंडात काहीतरी टाका. उपाशी जाऊ देऊ नका म्हणजे झालं."

माझ्या मनात लिंबूसरबत आणि अर्धं केळं होतं. आवडाबाईने नारळ कपाळाला लावला.

"देवीपुढं इडा ठेवलास ना बाय? आता तुजं कार्य ते गावाचं कार्य. तू बिनघोर ऱ्हा!"

आणि मी बिनघोर राहिले! इतकी बिनघोर की ह्यांना म्हटलं, "बघा, माणसं जोडावी लागतात!"

रविवार उजाडला. स्पर्धक वीस हवेत असा संघटनेचा नियम, आणि पलीकडच्या काठावर मोजले तर एकोणीस! कल्याणचा एक जण पाणी बघून परत गेला होता. चांगदेवराव गाडीला टेकून मजेत सुपारी कातरत होते.

"चला, संपलं वाटतं हळदीकुंकू!"

मी मागे वळले. मागे आमचे हे उभे होते, हातात माझा थर्मास.

"कपडे काढा," मी म्हटलं.

"अगं, इथे?"

"विसावे तुम्ही!"

हे अलिबागकडचे. लहानपणापासून पाण्यातले, त्यामुळे बुडण्याची भीती नव्हती. सायकलही धक्क्यावर उभी होती. टोपल्या, दोऱ्या, झेंडे असलं सगळं सामान पहाटे त्यांनीच तिच्यावरून कोळीवाड्यात पोचवलं होतं. साळवे सरांनी चांगदेवरावांना विचारलं, "संयोजिकेचे यजमान आहेत. हरकत आहे?" चांगदेवरावांनी ह्यांच्या पोटाकडे बघितलं आणि इतके हसले की सुपारी घशात अडकली.

"घ्या, घ्या! शोभा येईल!"

भरती भरली, पाणी थांबलं, साळवे सरांनी शिट्टी मारली. ठाण्याचा सहदेव, चांगदेवरावांचा हुकमी एक्का, बाणासारखा सुटला. सगळ्यात शेवटी आमचे हे उताणे पडून, आकाश बघत, आरामात निघाले. साळवे सर दामाजीच्या होडीत बसले. मी आणि चांगदेवराव गाडीने जिमखान्याच्या मैदानावर आलो, कारण शर्यत तिथे संपायची होती.

रस्ता मीच आखला होता. कोळीवाड्यातून सायकली निघणार, मानपाड्यावरून शिळफाटा, तिथून कल्याण, टिटवाळ्याच्या गणपतीला वळसा घालून परत डोंबिवली. मग गावाभोवती फेऱ्या धावायच्या. मी माइक हातात घेतला. "थोड्याच वेळात सायकलस्वार टिटवाळ्याहून परतत आहेत!"

परतले नाहीत.

"थोड्याच वेळात!" मी पुन्हा म्हटलं.

ऊन डोक्यावर आलं. मांडवात जमलेले लोक भेळ खाऊन घरी गेले. चांगदेवराव खुर्चीत रेलून विचारतात, "टिटवाळा कर्नाटकात गेला का हो, वासंतीबाई?"

मी काही बोलणार इतक्यात एक स्कूटर धुरळा उडवत मैदानात घुसली. आवडाबाईचा दीर, चंदू!

"बाई! आवडावहिनीनं इचारलंय, अजून पावनं हायेत काय? भात संपत आलाय!"

"भात? कसला भात?"

"पंगत बसली हाय ना!"

मी त्याच्या मागे स्कूटरवर बसले ती पदर खोचूनच.

कोळीवाड्यात पाऊल टाकलं आणि माझे डोळे पांढरे झाले. देवळापुढे मांडव! मांडवाला आंब्याचे टहाळे! ताशा वाजतोय! आणि अंगाला चिकटलेल्या चड्ड्या घालून, कपाळाला टिळा लावून, मांडी घालून पत्रावळीवर बसलेत माझे स्पर्धक! पोरींच्या ओट्या भरलेल्या. कल्याणची एक पोरगी मांडीत खण-नारळ सांभाळत मला म्हणते, "बाई, हे घेऊन सायकल कशी चालवायची?"

"हे काय चाललंय?" मी ओरडले.

"आरड नको, बाय," आवडाबाई भाताची परात घेऊन आली. "तूच बोललीस, उपाशी जाऊ देऊ नको."

"अहो, पण तोंडात टाकायला म्हटलं होतं!"

"मग? तोंडातच टाकताव ना!"

सकाळी हे लोक धक्क्यावर चढले, तशी प्रत्येकाच्या पायावर पाणी घातलं गेलं. मग सगळी पंगत एकदम बसायची म्हणून पहिला शेवटच्यासाठी थांबला. त्यात डोंबिवलीतले दोघं निघाले शाकाहारी! त्यांच्यासाठी वेगळी चूल पेटली, बटाट्याची भाजी पडली, आणि ती शिजेपर्यंत बाकीचे ताशा ऐकत बसले. बरं, कालवण कसलं? तर चिंबोऱ्यांचं, म्हणजे खेकड्यांचं! चिंबोरी घाईत खाऊन दाखवा मला कोणीतरी. नांगी फोडायची, चोखायची, परत फोडायची. जिल्ह्यातले सगळ्यात वेगवान पाय मांडी घालून नांग्या फोडत होते.

"उठा!" मी शिट्टी फुंकली. "उठा सगळे! सायकली घ्या!"

"पंगतीतून उठवतंस?" आवडाबाईचा आवाज चढला. ताशा थांबला. सगळा गाव माझ्याकडे बघायला लागला. "भरल्या पत्रावळीवरनं माणूस उठवत नाय, बाय. आन सायकली नाय हिथं."

"कुठे गेल्या?"

"जाळ्याखाली लपवल्या. पावना न जेवता पळाला तर? आमी पावन्याची पिशवी लपवताव, ह्यांनी सायकली आणल्या, तर सायकली लपवल्या!"

सहदेव रडकुंडीला आला होता. "काकी, माझी वेळ जातेय हो!"

"वेळ रोजच जाते रं पोरा. चिंबोरी रोज नाय मिळत. घाल गो ह्याला अजून रस्सा!"

मला एकच आशा होती. साळवे सर! फौजी माणूस, नियमाचा पक्का! मी त्यांना शोधलं. ते मानाच्या पाटावर होते. स्टॉपवॉच रश्श्यात बुडू नये म्हणून पाठीवर टाकलेलं.

"सर! तुम्ही सुद्धा?"

"मी निरीक्षण करतो आहे," ते म्हणाले, आणि वाटी पुढे केली.

आता मला सांगा, माझं काय चुकलं? मी नारळ दिला, मान दिला, आणि त्या गावाने तो दुपटीने परत केला. भांडू कोणाशी? पण म्हणून शर्यत ठाण्याला देऊ? जीव गेला तरी नाही!

शेवटी पान-सुपारी झाली तेव्हा जाळ्यांखालून सायकली निघाल्या. निघाले म्हणायचं एवढंच! मानपाड्याच्या चढावर पहिले चार झाडाखाली आडवे झाले. भरल्या पोटी, भर उन्हात, वर चिंबोरीचा रस्सा! कोणी शिळफाट्याला पोट धरून बसलं, कोणी कल्याणला सायकल टेम्पोत टाकली. सहदेव सगळ्यात पुढे गेला. टिटवाळ्याला गणपतीपुढे हात जोडून खाली बसला, आणि त्याला तिथेच झोप लागली. पुजाऱ्याने अंगावर उपरणं घातलं म्हणे.

मी मैदानावर परत आले. टेम्पोतून एकेक जण उतरत होता. साळवे सर ढेकर दाबत घड्याळ बघत होते. सूर्य इमारतींच्या मागे उतरायला लागला. चांगदेवराव उठले, सफारी झटकली.

"चला, वासंतीबाई. पुढच्या वर्षी ठाण्याला या. खुर्ची ठेवतो."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं कशाला बोलू? आणि तेवढ्यात मैदानाच्या फाटकातून कोणीतरी आत आलं. लाल झालेलं, बनियन पिळून निघालेलं, एका पायात बूट, एका पायात चप्पल. मी पटकन ओळखलं नाही.

"अगं, पाणी दे ना," तो माणूस म्हणाला.

आमचे हे!

"तुम्ही? तुम्ही कुठून आलात?"

"टिटवाळ्याहून. फेऱ्या पण झाल्या. शेवटची होती."

त्यांच्या मागून स्कूटरवर आलेल्या चंदूने उलगडा केला. हे खाडीत उताणे पडून येता येता इतके मागे राहिले की हे शर्यतीत नसावेतच असं समजून दामाजीने होडी पुढे काढली, आणि साळवे सर पुढच्यांच्या वेळा टिपण्यात गुंतलेले. एकोणीस पाहुणे आले, पंगत बसली. मी तिथून गेल्यावर आणि सगळे सायकली घेऊन निघाल्यावर हे धक्क्यावर चढले, आणि तेव्हा भाताचं भांडं रिकामं! देवीचं कार्य, दारात पाहुणा, आणि घरात वाढायला शीत नाही! गावाचं नाक कापलं गेलं असतं. आवडाबाईने सगळ्यांना खुणावलं आणि अख्खा कोळीवाडा दारं लावून आत चिडीचूप बसला. ह्यांना कोणी टिळा लावला नाही, बस म्हटलं नाही. ह्यांची खटारा सायकल शर्यतीची असेल असं कोणाला वाटलंच नव्हतं, त्यामुळे ती लपवलेलीही नव्हती. हे बसले आणि निघाले. वाटेत झोपलेले सगळे ओलांडत आले.

"मला वाटलं सगळे पुढे गेलेत," हे म्हणाले. "म्हणून थांबलो नाही."

मी माइक तोंडाला लावला आणि अख्ख्या डोंबिवलीला ऐकू जाईल असं किंचाळले, "पहिला आला! आमचा पहिला आला! सूर्य आहे अजून, बघून घ्या!"

"थांबा!" चांगदेवराव. "हा संयोजिकेचा नवरा आहे! नियम वाचा, साळवे!"

साळवे सरांचा चेहरा पडला. "नियम आहे खरा. भाग घेता येतो, पण संयोजकाच्या घरचा माणूस निकालात मोजता येत नाही. आणि दुसरं कोणी तर आलेलं नाही."

हे बिचारे चपलेकडे बघत उभे. मध्यम पल्ला मारून आलेला माणूस, आणि मोजायचाच नाही? माझ्यामुळे?

"संयोजक कोण म्हणालात?" मी विचारलं.

"तुम्ही!"

"होते!" मी माइकवरूनच ठणकावलं. "हा घ्या राजीनामा! आत्ता, या क्षणी! निकाल अजून जाहीर व्हायचाय ना? मग आता करा जाहीर!"

साळवे सरांनी चांगदेवरावांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि देवाशप्पथ सांगते, ते हसले. स्पर्धा डोंबिवलीत राहिली. टाळ्या काय, शिट्ट्या काय! मंडळाने तिथल्या तिथे बैठक घेतली. पुढच्या वर्षीचे संयोजक कोण? तर अनुभवी माणूस हवा म्हणून आमचे हे! एकमताने! माझी शिट्टी त्यांच्या गळ्यात!

मी काय गप्प बसणार होते? माइक अजून माझ्याच हातात होता.

"ठीक आहे!" मी गरजले. "मग पुढच्या वर्षी मी स्पर्धक! पहिलं नाव माझं घ्या!"

केवढ्या टाळ्या पडल्या सांगू! सायकल मला येते, धावते मी रोज. प्रश्न फक्त पाण्याचा होता. ते मला येत नाही, हे टाळ्या थांबल्यावर लक्षात आलं.

तेव्हा सकाळी तरणतलावाच्या उथळ बाजूला, चौथीतल्या पोरांच्या रांगेत, कठडा धरून पाय आपटणारी एक धिप्पाड बाई तुम्हाला दिसली, तर ती मीच. हसायचं काम नाही!