साळूआत्याची वानरहाळी

एका जंगलात, बाळांनो, वाघ एकच होता. पण तो पाणवठ्यावर पोचायचा आधी, आणि तो निघाल्याची बातमी पोचायची नंतर. त्यामुळे बातमी ऐकायला रोज कुणीतरी कमी असायचं.

त्याच जंगलात एक साळू राहायची. साळू म्हणजे साळिंदर. पाठीवर काटे होतेच, बोलण्यात त्याहून जास्त. सगळं जंगल तिला आत्या म्हणे. तिच्या बिळाशेजारच्या झुडपात रुपाई नावाची हरणी होती. एका संध्याकाळी रुपाईचा नवरा पाण्यावर गेला तो परतलाच नाही. रुपाई रडली नाही. नुसती पाडसाला चाटत बसली. आत्याला ते बघवेना.

ती तडक वानरांच्या म्होरक्याकडे, बापूकडे गेली.

"बापू, तुमची मंडळी झाडावर बसून शेंगा सोलण्यापलीकडे काय करतात हो?"

"उवा काढतात," बापू म्हणाला.

"आता जंगलाचं कामही करा. टेकडीपासून पाणवठ्यापर्यंत झाडोझाडी एकेक जण बसवा. वरच्याला वाघ दिसला की त्यानं पुढच्याला हाळी द्यायची, त्यानं त्याच्या पुढच्याला."

वानरांना अख्खं वाक्य लक्षात राहीना. म्हणून आत्यानं वाक्याचे तुकडे केले. एकेक अक्षर सोडायचं आणि पाणवठ्यावर जोडायचं. झाली वानरहाळी सुरू!

पहिल्याच दिवशी टेकडीवरून 'वाघ आला' निघालं. 'वा' नीट पोचलं. 'घ'च्या वेळी मधल्या वानराला पिकलेलं उंबर दिसलं. पाणवठ्यावर नुसतंच ऐकू आलं, "वा!"

हरणं लाजली. मोराला वाटलं, हे आपल्यालाच. त्यानं पिसारा फुलवला. तेवढ्यात झाडीतून वाघ! सगळे जिवानिशी सुटले, पण मोराची चार पिसं गेली.

दुसऱ्या दिवशी मोर आत्याच्या दारात हजर.

"माफ कर बाबा," आत्या म्हणाली.

"ते असू दे. तो 'वा' पुन्हा कधी मिळेल?"

आत्यानं वानरांना पढवून पढवून पक्कं केलं. मग मात्र तो अख्खा उन्हाळा कुणी मेलं नाही. वाघ ओढ्यात खेकडे शोधू लागला. रुपाईचं पाडस पाण्याकाठी उड्या मारू लागलं. ते बघून आत्याचे काटे सुखानं आडवे पडत.

पण वाघ काही दिवसभर फिरत नाही. उरलेला वेळ वानरं रिकामीच. मोरानं हळूच निरोप दिला, "आज मी नाचलो." जंगलभरातून "वा! वा!" आलं. मग रानडुक्कर रोज सकाळी सगळ्यांना "शुभ सकाळ" पाठवू लागलं. नुकत्याच झोपलेल्या घुबडालाही. तरसानं कळवलं, की अनशेपोटी कडुनिंब चावला तर वाघ चावत नाही. तरसाला हे कुणी सांगितलं, ते कुणी विचारलं नाही.

निरोप इतके वाढले की वानरांना शेंगा खायला फुरसत होईना. तेव्हा कोल्हा पुढे आला.

"वानरांच्या जेवणाचं मी बघतो. तुम्ही हवं ते बोला. अगदी फुकट!"

"तुला काय मिळणार?" आत्यानं विचारलं.

"आनंद," कोल्हा म्हणाला. "आणि कोण कुठं चरतं, कुठं पाणी पितं, एवढं वानरांनी मला सांगायचं. बस्स."

थोड्याच दिवसांत वाघानंही एक निरोप सोडला, "मी आता फक्त फळं खातो." त्याला सगळ्यात जास्त "वा!" मिळाले. आत्या सोडून कुणालाच प्रश्न पडला नाही, की फळं खाणारा हा गडी रोज कोल्ह्याकडे कशाला जातो.

आणि एके संध्याकाळी आत्याला वाघ दिसला. थेट पाणवठ्याकडे निघाला होता, रुपाईच्या नेहमीच्या वळणाकडे.

"बापू, हाळी दे! वाघ आला!"

"रांगेत या आत्या. आधी कोल्ह्याची जाहिरात, मग मोराचा नाच."

एकदाची हाळी गेली. आत्या जीव मुठीत धरून उत्तराची वाट बघत राहिली. उत्तरं भराभर आली.

"ही मागच्या वर्षीची बातमी आहे."

"पुरावा काय?"

"आत्याला फळाहारींचा आकस आहे."

आत्यानं हाळीचा नाद सोडला आणि आखूड पायांवर धूम ठोकली. काटे खडाखडा वाजत होते. ठेचकाळत, धापा टाकत ती पाणवठ्यावर पोचली आणि ओरडली, "रुपाई, पळ गं!"

रुपाईनं पाडसाला ढुशी दिली आणि दोघं पळाली. बाकीचे झाडाकडे माना वर करून पुढच्या निरोपाची वाट बघत उभे राहिले. वाघाला फारशी घाई करावी लागली नाही. त्यानं रानडुक्कर नेलं.

त्या दिवसापासून आत्या रोज संध्याकाळी पाणवठ्यावर जाऊन काटे वाजवू लागली. आठवडाभरातच तक्रार आली. आत्याच्या खडखडाटात निरोप नीट ऐकू येत नाहीत! वानरहाळीवर मत घेतलं. आत्यानं पाणवठ्यावर येऊ नये, असं बहुमतानं ठरलं. वाघानं ठरावाला अनुमोदन दिलं आणि सगळ्यांचे आभारही मानले.

आत्या बिऱ्हाड घेऊन ओढ्यापलीकडे गेली. मागोमाग रुपाई आणि पाडस. तिकडे पाणी थोडं गढूळ आहे. पण पिऊन होतं.

तात्पर्य : वाघ दिसला तर आरडाओरडा करू नये. त्यानं खाणाऱ्याची आणि खाल्ले जाणाऱ्यांची, दोघांचीही गैरसोय होते.