गुडघाभर मूड

इंग्रजीतला फोन मंदाकिनीनेच घ्यायचा, असं घरात ठरलं होतं. शाळेत तीस वर्षं तिने 'पी-यू-टी पुट, बी-यू-टी बट' शिकवलंय. पण आमच्या मुलाने, आमोदने पसंत केलेली हेझेल, त्याच्याच हिंजवडीच्या कंपनीत आलेली उत्तर इंग्लंडातल्या यॉर्कशायरची मुलगी, पहिल्यांदा आमच्याकडे बिबवेवाडीला जेवायला यायची होती. आणि मी दोन महिने मोबाइलवर लंडनी उच्चारांचा क्लास केला होता (फुकटचा, म्हणून मन लावून). म्हटलं, मीच घेतो.

लग्नाला मंदाकिनीचा होकार अजून मिळाला नव्हता. "आधी माझ्या हातचं जेवू दे, मग बघू," एवढंच ती म्हणाली होती.

साडेबाराला फोन वाजला.

"हॅलो उंकल!"

(क्लासात अंकल होतं.)

"उंकल, द बुस इज स्टुक! मुड, मुड एव्हरीव्हेअर! लुंच..." पुढे नुसती खरखर.

एवढ्यातलं मला लंच कळलं आणि मूड कळला. मी जमेल तितक्या गोड लंडनी सुरात म्हणालो, "इफ यू आर नॉट इन द मूड, माय डिअर, काइंडली डू नॉट कम."

"लुव्हली!" म्हणून तिने फोन ठेवला.

"काय म्हणाली?"

"जेवायचा मूड नाही म्हणते."

"मूड?" मंदाकिनीने श्रीखंडाचं पातेलं दाणकन ठेवलं. "उद्या बोहल्यावरही मूड नसेल तिचा!"

पण तिचे डोळे भरून आले होते. मलाही फार वाईट वाटलं. आमोदला फोन लावला तर तो बंद. शेवटी श्रीखंड, मसालेभात, अळूची भाजी, सगळं शेजारच्या दिगंबररावांकडे पोचतं केलं. त्यांच्याकडे पाहुणे होते. त्यांनी मूडबिड काही काढला नाही.

दोन वाजता बेल वाजली. दारात आमोद आणि हेझेल. बूट हातात, गुडघ्यापर्यंत चिखल. पाइपलाइनसाठी खणलेल्या रस्त्यात कंपनीची बस रुतली होती आणि आमोदचं चार्जिंग संपलं होतं.

"सॉरी आंटी, सो मुच मुड!" हेझेल पायांकडे बोट दाखवत म्हणाली.

मंदाकिनीने तिच्या पायांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"एम-यू-डी," ती म्हणाली. "मड. चिखल."

वीस मिनिटांत पिठलं-भात झाला. हेझेलने तिसऱ्यांदा पिठलं मागून घेतलं, तेव्हा मंदाकिनीने आमोदला हळूच विचारलं, "हिच्या आईवडलांना कुठला महिना सोयीचा पडेल?"

माझा जीव भांड्यात पडला. लगेच मी म्हणालो, "बघ, शाळेत बी-यू-टी बुट म्हटलं म्हणून छड्या खाल्ल्या मी. हिच्या गावी बुटच म्हणतात!"

"त्यांचा उच्चार यॉर्कशायरचा आहे. तुमचा अभ्यास न केल्याचा."

"पण माझं लंडनी इंग्लिश तिला कळलं की नाही? लुव्हली म्हणाली ती!"

आमोदने हेझेलला विचारलं. ती लाजली, त्याच्या कानात काहीतरी पुटपुटली.

"बाबा, ती सॉरी म्हणतेय. तिला मराठी अजून येत नाही. पण तुम्ही इतकं गोड बोलत होतात, म्हणून लुव्हली म्हणाली."