अर्ध्याचा फरक

इंटिग्रेशनचं एक गणित घातलं की माणसाची अक्कल कळते, असा वासुदेवरावांचा दावा होता! हिंगणघाटच्या कॉलेजात ते गणित शिकवायचे. मुलगा चंद्रभान याच्यासाठी मुलगी पाहायला पत्नी आनंदाबाईंसह सेलूला निघाले, तेही खिशात खडू घालूनच.

मुलगी, नलू, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. पोहे झाले. आनंदाबाई आत बायकांत गेल्या, चंद्रभान मागं विहिरीवर हात धुवायला गेला. वासुदेवरावांनी लगेच दारावर खडूनं लिहिलं.

"साइन एक्स गुणिले कॉस एक्स. कर इंटिग्रेशन!"

नलूनं घडीभरात लिहिलं: उणे कॉस वर्ग एक्स भागिले दोन, अधिक सी.

"चूक!" वासुदेवराव कडाडले. "साइन वर्ग एक्स भागिले दोन! जन्मभर हेच शिकवून राह्यलो मी!"

"काकाजी, दोन्ही बरोबर हायेत. अर्ध्याचाच तं फरक हाये!"

"अर्ध्याचा फरक काय थोडा झाला?"

हे शेजारच्या भागीरथाबाईंनी ऐकलं. डोकावून पाहिलं, तर टकलावरून रुमाल फिरवणारा कोटातला गृहस्थ आणि समोर नलू!

"अण्णाजी, पोरगी जड झाली काय तुमाले?" त्या नलूच्या वडलांवर ओरडल्या. "अर्ध्या वयाची पोर देता ह्या म्हाताऱ्याले?"

गल्ली गोळा झाली.

"मी नवरदेव नाई!" वासुदेवराव खडू उगारत ओरडले.

"मंग फरक कोनाचा?"

"उत्तराचा!"

"कोनतं उत्तर? पोरीनं होकार देल्ला काय?"

अडाणी कुठले! आता अख्ख्या गल्लीलाच समजावतो म्हणून त्यांनी दाराच्या दोन्ही फळ्या भरल्या, मग भिंत धरली. तेवढ्यात चंद्रभान ओल्या हातांनी आला.

"काऊन रे, बापाचं लगन जमवाले आला काय?" कोणीतरी विचारलं.

परतीच्या एसटीत वासुदेवराव धुमसत तिकिटामागं पेन्सिल चालवत होते. साइन वर्ग अधिक कॉस वर्ग म्हणजे एक... दोन उत्तरांत फरक नेमका अर्ध्याचा. अन् तो तर कुठलाही आकडा पोटात घेणाऱ्या त्या 'सी'तच जिरतो! जो आपण लिहिलाच नव्हता.

तिकीट खिशात घालत ते म्हणाले, "पोरगी हुशार हाये. होकार कळवून टाकू."

"काई गरज नाई," आनंदाबाई खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या. "तुमी भिंत रंगवून राह्यलते, तवाच तिनं नाई म्हटलं."

"काऊन? आपल्या चंद्रभानात काय खोट हाये?"

"चंद्रभान पसंत हाये तिले. सासरा नाई!"