कुलूपबंद फोन

"आता आपला फोन चोरून ऐकायचा म्हटलं तर भल्याभल्यांना घाम फुटंल, शेठ!" अलीमनं टेबलावर हात आपटून सांगितलं. साल दोन हजार सात. शिरूरच्या त्या फुलांच्या कंपनीत कॉम्प्युटर, प्रिंटर आणि इंटरनेटवरचे फोन हे सगळं तो एकटाच सांभाळायचा. त्यामुळं दोन शब्द जास्त बोलायची त्याला सवयच होती.

पोपटराव शेठ काही हसले नाहीत. शिरूरचं ऑफिस आणि भांडगावचं जरबेराचं पॉलीहाऊस यांच्यात फोनवर जे ठरेल, ते त्यांच्या धंद्यातल्या वैऱ्याला, मल्हारी शेठला, कसं कोण जाणे, कळायचंच! दोनदा मुंबईची गिऱ्हाइकं माल बघायला निघाली, आणि दोन्ही वेळा मल्हारीनं त्यांना वाटेतच हार घालून आपल्या पॉलीहाऊसवर नेलं.

"उद्या तिसरा सायेब येतोय. त्योबी पळवला, तर तू घरी बस. कळलं?"

परवाच अलीमनं बायकोच्या, सबीनाच्या माहेरी, सासऱ्यांपुढं छाती फुगवून सांगितलं होतं, की कंपनी माझ्यावाचून हलत न्हाई!

उपाय होता बोलण्याला कुलूप लावायचा. या फोनातलं बोलणं वाटेत नुसती खरखर होऊन जातं, आणि तीच किल्ली असलेल्या दुसऱ्या फोनात त्याचं पुन्हा बोलणं होतं. किल्ली बत्तीस अक्षरांची. शिरूरच्या फोनात ती भरून अलीम मोटरसायकलवरून भांडगावला पोचला, तोवर दुपार टळली होती.

तिथला कारभार सोपानआबांकडं होता. आबांनी तीस वर्षं दौंडला रेल्वे फाटक सांभाळलं होतं. त्यांचा फोन पत्र्याच्या खोलीत, आणि खिडकीला लागूनच चहाची टपरी.

अलीमनं किल्ली भरली. खरखर! पुन्हा भरली. पुन्हा खरखर! चार वाजले, साडेचार वाजले. तिकडं शेठचा पारा चढत होता, इकडं अलीम एकेक अक्षर पुन्हा तपासत होता. एक अक्षर चुकत होतं, ते पाच वाजता सापडलं. फोनच्या पडद्यावर इवलंसं कुलूप उमटलं, आणि अलीमला अक्षरशः रडू यायचं राहिलं.

"शेठ, आता बिनधास्त बोला!" म्हणत त्यानं रिसीव्हर आबांच्या हातात दिला.

शेठ हळू आवाजात काहीतरी बोलले. आबा ताठ उभे राहिले आणि गरजले, "व्हय! सायेब उद्या नऊच्या गाडीनं! दौंडला उतरनार! निळा शर्ट, काळी बॅग!"

"आबा, हळू! हळू!"

"आरं, निरोप मोठ्यानं परत म्हनल्याबिगर पक्का हुईत न्हाई! फाटकावर तीस वर्सं असंच केलंय. एक गाडी चुकली न्हाई माझी!"

अलीमनं खिडकीतून बाहेर पाहिलं. टपरीवर पाच-सहा जण हातात कप धरून गप्प बसले होते.

"आज आबांचा आवाज लई साफ येतोय," एकजण कौतुकानं म्हणाला.

त्याच्या शेजारचा मल्हारी शेठचा ड्रायव्हर मात्र अर्धा चहा ठेवून उठला आणि मोटरसायकलकडं निघाला. अलीमनं रिसीव्हर हिसकावला.

"शेठ, दौंड नको! सायबाला अलीकडं केडगावला उतरवा," तो कुजबुजला.

"काय? कुठं?"

"केडगावला."

"आरं मोठ्यानं बोल की! तोंडात लाडू हाय का?"

बाहेर ड्रायव्हरनं किक मारली. गाडी सुरू झाली नाही. त्यानं दुसरी मारली. अलीमला घाम फुटला. नोकरी गेली, सासऱ्यांपुढं इज्जत गेली, सगळं डोळ्यांसमोरून गेलं, आणि त्याचा धीर सुटला.

"केडगावऽऽ! केडगावला उतरवाऽऽ!"

"व्हय! केडगाव!" शेजारी ताठ उभ्या असलेल्या आबांनी खणखणीत आवाजात निरोप पक्का केला.

गाडी एकदाची सुरू झाली होती. तेवढ्यात टपरीवाल्यानं हात वर केला.

"ए, थांब की! चा पिऊन जा निवांत. दौंड रद्द झालंय, आता केडगाव हाय!"

फोनवरचं कुलूप मात्र शेवटपर्यंत कुणालाही फोडता आलं नाही.